डायोरामासाठी कॉबलस्टोनचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी झकास, माणसं झकास, आणि नजर खाली रस्त्यावर गेली की सगळं खेळण्यातलं वाटायला लागतं, ही तक्रार डायोरामा (छोट्या मॉडेल्सनी मांडलेलं दृश्य) बनवणाऱ्यांची कायमची आहे. कॉबलस्टोनच्या, म्हणजे दगड बसवून केलेल्या रस्त्याबद्दलचे खालचे प्रश्न साधारण काम ज्या क्रमाने चालतं त्याच क्रमाने घेतलेत, पण मधूनच कुठलंही वाचलं तरी चालेल. माझं मत आधीच सांगून टाकतो, रस्ता बहुतेक वेळा दगडाच्या मापात आणि मांडणीत बिघडतो, रंग नंतर बिचारा उगाच शिव्या खातो.

दगड किती मोठा कापायचा?

आधी खरा दगड किती मोठा असतो ते बघा. युरोपातल्या शहरी रस्त्यांवरचे घडीव दगड ढोबळमानाने दोन मापांत सापडतात, लहान म्हणजे ८ ते १० सेंमी आणि मोठे म्हणजे १६ सेंमीच्या आसपास. आता १:३५ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागात) १० सेंमीचा दगड होतो २.९ मिमी आणि १६ सेंमीचा होतो ४.६ मिमी. १:४८ मध्ये तेच २.१ आणि ३.३ मिमी. १:७२ मध्ये १.४ आणि २.२, आणि १:८७ ला पोचलात की लहान दगड जेमतेम १.२ मिमी उरतो. हे आकडे एकदा कागदावर पट्टीने आखून बघाच, बहुतेकांचा पहिला शब्द "एवढा छोटा?" हाच असतो. हाताने कोरताना आपण नकळत दगड मोठे करत जातो आणि १:३५ च्या बेसवर ८-९ मिमीचे दगड बसवून टाकतो, म्हणजे खऱ्या मापात जवळपास फूटभर.

पटकन तपासायचं असेल तर एक माणूस उभा करा. बूट साधारण ३० सेंमी लांब धरला तर १:३५ मध्ये तो ८.६ मिमी होतो. त्या बुटाच्या लांबीत तीन छोटे किंवा जवळपास दोन मोठे दगड बसले पाहिजेत. एकाच दगडावर अख्खा बूट मावत असेल तर ती फरशी झाली, कॉबलस्टोन नाही.

फट किती रुंद ठेवायची?

खरी फट सेंटिमीटरभर असते, म्हणजे १:३५ मध्ये ०.३ मिमी. एवढी बारीक कोरणं अवघड आहे आणि कोरली तरी रंगाने भरून जाते, म्हणून अर्धा मिमी चालवून घ्या. पण १ मिमीची खोल चर म्हणजे खऱ्या मापात साडेतीन सेंमी, एवढ्या फटीत घोड्याच्या नालेचं टोक अडकेल. साध्या बॉलपेनने जोर लावून कोरलं की नेमकं हेच होतं.

गोल गोटे करू की चौकोनी?

ते तुमचं दृश्य कुठलं आणि कधीचं आहे त्यावर आहे. नदीतले गोल गोटे जसेच्या तसे मातीत-वाळूत उभे रोवलेले, ही जुनी पद्धत, मध्ययुगीन गल्ली, शेतवाडीचं अंगण, तबेल्यासमोरची जागा, गावाकडची पायवाट अशा ठिकाणी ती शोभते. एकोणिसाव्या शतकापासून शहरांचे मुख्य रस्ते बहुतेक घडीव दगडांचेच झाले, वरून चौरस किंवा आयताकृती. दुसऱ्या महायुद्धातलं शहरी दृश्य करत असाल तर घडीवच करा, आणि मागच्या अंगणात हवे तर गोटे.

प्रत्येक शहराचा आपला चेहरा असतो हेही लक्षात ठेवा. रोममधले काळे बसाल्टचे दगड साधारण १२ सेंमीचे, वरून चौरस आणि खाली निमुळते होत गेलेले, आणि बऱ्याच ठिकाणी रस्त्याला तिरपे लावलेले दिसतात. लिस्बनमध्ये पांढरा चुनखडी आणि काळा बसाल्ट यांची नक्षी, पण ती मुख्यतः फुटपाथवर आणि चौकात. तेव्हा नुसतं "युरोपियन रस्ता" असं मनात धरून बसू नका, एका ठरावीक रस्त्याचा जुना फोटो समोर ठेवा आणि त्यातले दगड मोजा. फोटोत माणूस किंवा गाडीचं चाक असेल तर माप आपोआप मिळतं.

मटेरियल कुठलं घेऊ? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

सगळे आपापल्या जागी बरोबर असतात, काम वेगळं असतं एवढंच.

सुरुवातीला एक्सपीएस फोम घ्या, इन्सुलेशनचा जो निळा-गुलाबी, घट्ट आणि बारीक कणांचा येतो तो. साधा पांढरा थर्माकोल नको, त्याचे मणी सुटतात आणि बारीक रेघ धरतच नाही. फोमकोर बोर्डचा वरचा कागद सोलून आतला फोम वापरला तरी जमतं, स्वस्तात काम होतं आणि कोरायलाही मऊ. फोमचा फायदा म्हणजे वजन नाही, धूळ कमी, आणि चूक झाली की तुकडा फेकून दुसरा घ्यायचा. तोटा म्हणजे १:७२ पेक्षा लहान स्केलवर गेलात की तो फार मऊ पडतो, कडा दबतात.

प्लास्टर म्हणजे पीओपी कोरलं की दगडासारखंच तुटतं, कडा नैसर्गिक उडतात, आणि रंग असा पितं की काय सांगू. माझा स्वतःचा कल इकडेच आहे. पण जड होतं, घरभर पांढरी भुकटी होते, आणि पातळ ओतलं तर तडकतं.

हवेवर वाळणारी क्ले आकसते हे धरूनच चाला, कडेला भेगा पडतात आणि मग त्या भरत बसावं लागतं. गोल गोट्यांसाठी मात्र मस्त. इपॉक्सी पुट्टी आकसत नाही, पण अख्खा रस्ता तिचा करणं म्हणजे पैशाचा चुराडा, तिच्यात मॅनहोलची चौकट, तुटलेला कर्ब (फुटपाथची दगडी कड) अशी छोटी कामं करा. कॉर्क शीट आणि अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा कापूनही लोक दगड बनवतात, पुठ्ठ्याला आयता खरबरीतपणा असतो, फक्त पाणी लागलं की फुगतो म्हणून आधी सील करा.

फोमवर पेनने कोरताना रेघ फाटते, काय करू?

एका दमात खोल जाऊ नका. पहिल्या फेरीत पेन्सिलीने नुसत्या आडव्या रांगा आखा, दुसऱ्या फेरीत बोथट टोकाने हलकं दाबत जा, तिसऱ्या फेरीत खोली द्या. फोम फाटतो कारण टोक धारदार असतं किंवा आपण ते ओढताना उभं धरतो, जरा आडवं कलवा. शाई संपलेलं बारीक टोकाचं जेल पेन किंवा शिसं काढलेली ०.५ ची मेकॅनिकल पेन्सिल बेस्ट. शाई असलेलं पेन वापरू नका, ती शाई नंतर फिक्या रंगातून वर येत राहते आणि डोकं फिरवते.

कोरून झालं की अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा वरून दाबत फिरवा, दगडाचं टेक्स्चर येतं. मग पाच-पंचवीस दगड बोटाने किंवा पेनाच्या मागच्या टोकाने थोडे खाली दाबा. हे विसरू नका, सगळे दगड एका पातळीत राहिले की रस्ता बाथरूमच्या टाइलसारखा दिसतो.

अजून एक युक्ती, दगडाच्या मापाची चौकोनी पितळी नळी असेल तर ती शिक्क्यासारखी दाबत जायची. काम पटापट होतं, पण प्रत्येक ठसा सारखा येतो म्हणून दोन-तीन नळ्या थोड्या वाकवून, कोपरे जरासे ठोकून घ्या आणि आलटूनपालटून वापरा.

एकेक दगड वेगळा कापून चिकटवला तर जास्त खरं दिसेल ना?

दिसतं, नाही म्हणणार नाही. पण आधी हिशोब करा. २० बाय २० सेंमीचा बेस, ३ मिमीचे दगड, फट धरून प्रत्येकाला ३.३ मिमी जागा, झाले जवळपास ३,७०० दगड. चिमट्याने. ज्यांना हे ध्यानासारखं वाटतं त्यांनी जरूर करावं.

मधला मार्ग असा की जिथे रस्ता उखडलाय, खड्डा आहे, कर्बजवळ दगड सुटलेत तिथेच सुटे दगड लावा आणि बाकी कोरा. सुटे दगड कापले की कडा फार धारदार असतात, ते डबीत टाकून सोबत थोडी खडी किंवा पॉलिश पेपरचे तुकडे टाका आणि खुळखुळवा, कडा मस्त झिजतात.

रांगा रस्त्याच्या लांबीत घ्यायच्या की आडव्या?

आडव्या. रहदारी ज्या दिशेने जाते तिला काटकोनात. यामागे कारण आहे, रांग लांबीत घेतली तर लोखंडी धावेचं चाक सरळ लांब फटीत उतरून चालत राहील, आणि घोड्याच्या खुराला पकड मिळते ती आडव्या फटींमुळेच. ज्या रस्त्यावर बैल-घोड्यांच्या गाड्या चालायच्या तिथे हे आपोआप ठरलेलं होतं.

आणि एका रांगेतले दगड रांगेच्या रुंदीला सारखे असतात पण लांबीला नसतात, कोणी चौरस, कोणी दीडपट लांब. म्हणून आधी आडव्या रेघा सरळ आखा आणि उभ्या फटी मात्र डोळ्याने अंदाजे टाका, वरच्या रांगेतली फट खालच्या फटीच्या बरोबर वर येऊ द्यायची नाही. चार फटींचा अधिक चिन्हासारखा सांधा कुठे दिसला तर तिथेच दुरुस्त करा, कारण नंतर वॉश (फटीत उतरणारा अगदी पातळ रंग) मारल्यावर तो सगळ्यात आधी डोळ्यात भरतो.

कर्बच्या कडेला दोन-तीन ओळी मात्र रस्त्याच्या लांबीत जातात, पाणी वाहून नेण्यासाठी. ही एवढीशी गोष्ट केली ना, की बघणाऱ्याला नेमकं काय ते कळत नाही पण रस्ता "बरोबर" वाटतो. दोन रस्ते मिळतात त्या चौकात बऱ्याचदा तिरप्या रांगा असतात, पण पहिल्याच कामात चौक घेऊ नका, सरळ रस्त्याचा तुकडा घ्या.

ती पंख्यासारखी, कमानीची नक्षी कशी काढायची?

ती लहान दगडांतच असते, ८-१० सेंमीच्या, मोठ्या दगडांत सहसा नाही. म्हणजे १:७२ मध्ये करायची तर दीड मिमीपेक्षा लहान दगड वळवायचे आहेत, विचार करून उतरा.

पातळ प्लास्टिक शीटमधून एका कमानीचा टेम्प्लेट कापा, रस्त्याची रुंदी कमानींमध्ये सारखी विभागा, आणि रस्त्याच्या लांबीत उभ्या मार्गदर्शक रेघा आखून घ्या. मग टेम्प्लेट एकेक दगडाच्या रुंदीने पुढे सरकवत सगळ्या कमानी आखायच्या. अंतर कमानीगणिक मोजू नका, दर वेळी मूळ रेघेपासून मोजा, नाहीतर दहाव्या कमानीला सगळं तिरकं गेलेलं असतं. कमानीच्या मध्यावर दगड जरा मोठे आणि दोन्ही पायांकडे बारीक होत जातात, खरे कारागीरही ढिगातून तसेच निवडून लावतात. हे पाळलं तर वळण सहज बसतं, सगळे सारखे घेतले तर पायाजवळ अडकायला होतं.

सगळं केलं तरी रस्ता टेबलासारखा सपाट दिसतो.

कारण खरा रस्ता सपाट नसतोच, मध्ये फुगीर असतो. पाणी कडेला जावं म्हणून साधारण २ ते २.५ टक्के उतार देतात. ६ मीटर रुंद रस्ता धरला तर मध्यापासून कडेपर्यंत ३ मीटर, म्हणजे साडेसात सेंमीपर्यंत फरक, १:३५ मध्ये साधारण २ मिमी. एवढंच. लाकडी बेसवर मधोमध २ मिमीची पट्टी चिकटवा, फोमच्या खालून लांबीत चार-पाच हलके चरे पाडा आणि दोन्ही कडा खाली दाबून गोंदावर बसवा, वरून वजन ठेवून रात्रभर सोडा.

जुन्या गल्लीत उलटंही असायचं, गटार मधोमध आणि दोन्ही बाजूंनी उतार आत. आणि जिथे जड गाड्या सतत जातात तिथे चाकोरी खचलेली असते, ती कोरण्याआधीच फोमवर चमच्याच्या पाठीने दाबून घ्या.

फोम बेसवर चिकटवण्याचं काम रंगाच्या आधी करा हेही इथेच सांगतो. एका बाजूने ओला रंग किंवा गोंद लागला की सुटी शीट वाळताना वाकते.

कर्ब किती उंच?

१२ ते १५ सेंमी, म्हणजे १:३५ मध्ये साडेतीन ते सव्वाचार मिमी. कर्बचे दगड लांब असतात, मीटरभर वगैरे, त्यांचे सांधे रस्त्याच्या दगडांसारखे जवळजवळ घेऊ नका.

प्लास्टर ओतताना बुडबुडे येतात, कधी भुसभुशीत होतं.

पाण्यात प्लास्टर टाका, प्लास्टरवर पाणी कधीच नाही. साध्या पीओपीला वजनाने १०० भाग प्लास्टरला ६५-७० भाग पाणी, डेंटल स्टोन (दातांच्या साच्यांसाठीचं कडक प्लास्टर) असेल तर ३० भागांच्या आसपासच पाणी लागतं आणि तो कितीतरी कडक होतो, बारीक स्केलसाठी तोच घ्या. पावडर शिंपडत टाकायची, मिनिटभर भिजू द्यायची, मग हळू ढवळायचं, फेटायचं नाही. फेटलं की हवा शिरते. पहिला पातळ थर साच्यात ब्रशने लावून घ्या, मग उरलेलं एका कोपऱ्यातून ओता आणि टेबल खालून टकटक ठोका. भुसभुशीत होतं ते पाणी जास्त झाल्यामुळे किंवा घट्ट व्हायला लागल्यावर पुन्हा ढवळल्यामुळे.

उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइप बंद होईल. भांड्यातच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, त्यामुळे मोठ्या ढिगात बोटं घालून बसायचं नाही, आणि घासताना मास्क लावा.

एकदा कोरून साचा बनवला तर?

खूप रस्ता लागणार असेल तर हाच शहाणपणा. १० बाय १० सेंमीचा एक चांगला मास्टर (मूळ नमुना) कोरा आणि सिलिकॉनचा साचा घ्या. मास्टर सल्फरवाल्या मॉडेलिंग क्लेचा असेल तर प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन चिकटच राहतं, नीट सेट होत नाही, तिथे टिन क्युअर घ्या किंवा मास्टर बदला.

खरी कटकट जोडाची. सरळ कापलेल्या दोन टाइल शेजारी ठेवल्या की मधली रेघ रंगानंतरही दिसते. म्हणून टाइलची कड दगडांच्या सांध्यावरून नागमोडी, दातेरी कापा आणि उरलेली फट दोन-चार सुट्या दगडांनी बुजवा. एकच टाइल चार वेळा लावणार असाल तर दर वेळी ती फिरवता येत नाही, रांगांची दिशा बिघडेल, फक्त अर्ध्या वर्तुळात फिरवता येते. त्यामुळे मास्टरमध्ये लगेच ओळखू येईल असा तुटका दगड ठेवू नका.

टेक्स्चर रोलर आणि थ्रीडी प्रिंटचे रस्तेही मिळतात, वाईट नाहीत. रोलर क्लेवर फिरवताना क्लेला पाण्याचा हात लावा नाहीतर चिकटेल. प्रिंट असेल तर थरांच्या रेघा दगडाच्या माथ्यावर दिसतात, जाडसर प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) आणि हलका पॉलिश पेपर मारून घ्या.

स्प्रे प्रायमर मारला आणि फोम खाल्ला गेला!

हो, खाणारच. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतं. आधी पांढरा गोंद आणि काळा अॅक्रिलिक एकत्र करून ब्रशने दोन हात मारा, फटींच्या आतपर्यंत, मग वाटलं तर लांबून स्प्रे. साधा सुपरग्लूही फोम खातो, फोमसाठीचा वेगळा येतो. टर्पेंटाइन किंवा थिनरचे वॉश वापरणार असाल तर सील केलेला थर कुठे उघडा राहिला नाही ना ते बघा, एक टाचणीएवढं भोक पुरतं. गरम तारेने फोम कापताना खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीत घ्यायचा नसतो.

आता रंग. कुठला ग्रे?

नुसता ग्रे कुठलाच नाही. बाटलीतला सरळ ग्रे वाळल्यावर निळसर आणि मेलेला दिसतो. त्यात थोडा तपकिरी किंवा खाकी मिसळा. ग्रॅनाइट असेल तर उबदार ग्रे, कुठे गुलाबीकडे झुकणारा, बसाल्ट असेल तर गडद पण काळा नव्हे, वालुकाश्म असेल तर पिवळट. काळा शुद्ध स्वरूपात रस्त्यावर कुठेच वापरू नका, छोट्या स्केलमध्ये सगळे रंग खऱ्यापेक्षा एक पायरी फिके दिसले तरच लांबून बघितल्यासारखं वाटतं.

माझा क्रम असा: गडद तपकिरी-ग्रे अख्ख्या रस्त्यावर, फटींसकट. त्यावर मध्यम ग्रे मोठ्या ब्रशने, पण ब्रश आडवा धरून, फक्त माथ्यांवर. मग काही दगड निवडून वेगळ्या छटेत रंगवायचे, मग वॉश, मग अगदी हलका ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंच भागांवर घासलेला रंग), शेवटी धूळ.

किती दगड वेगळे रंगवायचे? माझा बुद्धिबळाचा पट झालाय.

दहातले दोन-तीन, आणि रंग मूळ रंगाच्या शेजारचाच. तीन छटा बनवा, एक मूळपेक्षा जरा फिकी, एक जरा तपकिरी, एक जरा हिरवट-गडद. प्रत्येक छटेत मूळ रंगाचा अर्धा भाग तरी असू द्या. बाटलीतून सरळ लाल, पिवळा, निळा लावला की पट झालाच समजा. आणि दगड निवडताना हात सारख्या अंतरावर जातो, आपलं मनच तसं आहे, म्हणून मुद्दाम कुठे तीन शेजारी शेजारी एकाच छटेचे घ्या आणि कुठे बोटभर जागा तशीच सोडा. रस्त्याची डागडुजी झालेली असते, तिथे पाच-पंचवीस दगड वेगळ्याच खाणीतले लागलेले दिसतात, असा एक चौकोनी तुकडा केला तर लाखमोलाचा.

पट ऑलरेडी झाला असेल तर घाबरू नका, मूळ रंग पाण्यात एकदम पातळ करून अख्ख्या रस्त्यावर दोन हात फिरवा, सगळे दगड एकमेकांच्या जवळ येतात. हा हात तसाही मी नेहमी मारतो.

वॉशनंतर सगळं घाण आणि डागाळलेलं दिसतं.

वॉश एकदम अख्ख्या रस्त्यावर ओतला आणि तो साचून कडेने वाळला, म्हणून. आधी रस्ता स्वच्छ पाण्याने किंचित ओला करा, पाण्यात डिश सोपचा एक थेंब टाका म्हणजे पाणी फटीत पळतं. मग वॉश फटींना लावा. माथ्यावर आलेला लगेच ओल्या स्पंजने टिपा. रंग काळा नको, गडद तपकिरी घ्या. तेलरंगाचा वॉश असेल तर वाळायला एक दिवस द्या, घाईत बोट लावू नका.

ड्रायब्रश केला की खडूसारखं होतं.

पांढरा वापरलात. मूळ ग्रेमध्ये थोडा क्रीम मिसळा आणि ब्रश इतका पुसा की कागदावर काहीच उमटत नाही असं वाटेल. आणि सगळीकडे सारखा नको. चाकं आणि पाय जिथून जातात तिथले माथे घासून उजळ झालेले असतात, कडेला आणि कर्बखाली नाही. रंगातला फरक वापराप्रमाणे दिला की ड्रायब्रशची गरज निम्मी होते.

फटी भरायच्या की तशाच ठेवायच्या?

भराच. खरा रस्ता वाळूवर बसवलेला असतो आणि फटीतही वाळू-माती जवळपास माथ्यापर्यंत असते. रिकाम्या खोल फटी हेच "मॉडेल" ओरडून सांगतात. माती-रंगाचं पिगमेंट (कोरडी रंगभुकटी), त्यात थोडी प्लास्टरची भुकटी किंवा वस्त्रगाळ वाळू, कोरड्या मऊ ब्रशने फटीत ढकला, माथे बोटाने पुसून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने कडेला सोडा, ते आपणच पसरतं, आणि त्यामागून पातळ केलेला पांढरा गोंद किंवा पिगमेंट फिक्सर. स्प्रे बाटलीने जवळून मारलात तर सगळी भुकटी उडून माथ्यावर येईल. फिक्स केल्यावर रंग गडद होतो, म्हणून भुकटी हवी त्यापेक्षा फिकी घ्या. आधी एका कोपऱ्यात करून बघा.

पाऊस पडून गेलेला रस्ता कसा?

अख्ख्या रस्त्यावर ग्लॉस मारणं हा उपाय नाही. पाऊस थांबला की माथे आधी वाळतात आणि फटी शेवटपर्यंत ओल्या, गडद राहतात. त्यामुळे माथे सॅटिन, फटी गडद, आणि पाणी फक्त खचलेल्या चाकोरीत, सुटलेल्या दगडाच्या जागी आणि कर्बच्या कडेला. तिथे यूव्ही रेझिन पातळ थरांत, प्रत्येक थर दिव्याखाली पूर्ण कडक करून. एकदम जाड ओतलं तर आतून मऊ राहतं आणि तापतं. रेझिनमध्ये मातकट रंगाचा अगदी थेंब, गढूळ पाणीच खरं वाटतं. मॅट वार्निश हे सगळं करायच्या आधी मारून घ्या, नंतर मारलंत तर पाणीच मॅट होईल.

गवत, शेवाळ?

जिथे चाक-पाय पडत नाहीत तिथेच. कर्बची कड, भिंतीचा पाया, मॅनहोलभोवती, बंद दाराची पायरी. रहदारीच्या रस्त्याच्या मधोमध हिरवं उगवलं तर तो रस्ता सोडून दिलेला आहे असा अर्थ होतो, तसं दृश्य असेल तर बिनधास्त करा.

ट्रामचे रूळ टाकायचेत.

स्टँडर्ड गेज (दोन रुळांमधलं अंतर) १४३५ मिमी, १:३५ मध्ये ४१ मिमी. मीटर गेज असेल तर २८.६. रस्त्यातल्या रुळाला आतल्या बाजूने खाच असते आणि माथा दगडांच्या पातळीत असतो, वर आलेला नाही. रूळ आधी बसवा आणि दगड नंतर त्याला भिडवून कोरा. रुळालगत दोन्ही बाजूंना दगडांची एक लांबीतली ओळ दिसते अशी मांडणी बऱ्याच शहरांत होती, फोटो बघून ठरवा. चालू ट्राम असेल तर रुळाचा माथा चकचकीत, गंज फक्त बाजूला.

युद्धातला उखडलेला रस्ता, बॅरिकेड वगैरे?

१९४४ च्या वॉर्सा उठावात आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये लोकांनी रस्त्यांचेच दगड काढून बॅरिकेड उभी केली होती, तेव्हा विषय अगदी खरा आहे. मात्र दगड ढिगात दाखवलेत तर रस्त्यात तेवढा खड्डाही दिसला पाहिजे! बरेचजण हेच विसरतात. दगड निघालेल्या जागी खाली वाळूचा थर, त्यात दगडांचे ठसे, आणि सुट्या दगडाची खालची बाजू मातकट, वरची झिजलेली गुळगुळीत. वरून चौरस दिसणारा दगड खोलीला बऱ्यापैकी असतो, नुसती चपटी टिकली ठेवू नका, सुटे दगड ठोकळ्यासारखेच कापा. तोफगोळ्याच्या खड्ड्यात वाळूखालची मातीही दिसते आणि कडेचे दगड बाहेरच्या बाजूला कलंडलेले असतात.

गाडी ठेवली की चाकं हवेत तरंगतात.

उंचसखल रस्त्यावर हे होणारच. चाकं फिरती असतील तर गाडी रस्त्यावर ठेवून मगच चिकटवा. टायरचा तळ पॉलिश पेपरवर किंचित घासून चपटा करा, वजन असल्यासारखं दिसतं. एखादं चाक तरीही वर राहिलं तर चाकाला हात लावू नका, त्याखालचा दगड पुट्टीने उचला. शेवटी तळातून तार घालून बेसला पिन करा, आणि चाकांभोवती फटीतलीच धूळ थोडी टायरवर चढवा, गाडी आणि रस्ता एकाच जागचे वाटले पाहिजेत.

नंतर धूळ बसली तर साफ कशी करायची?

मऊ मेकअप ब्रशने, एका दिशेने, आणि हवेचा रबरी पंप. ओला कपडा नाही, पिगमेंट निघून येतात आणि पुठ्ठा वापरला असेल तर तोही फुगतो. शक्य असेल तर अॅक्रिलिकचं झाकण करून घ्या, फक्त ताजा गोंद आणि तेलरंग पूर्ण वाळेपर्यंत ते लावू नका, आतून वाफ धरते.